नाव घातलेला कॉम्प्युटर

आमच्या घरात जेवढी भांडी होती, त्यांतली निम्म्याहून जास्त मेलेल्या माणसांची होती. लग्नानंतर सासरी मी हे सहज बोलून गेले, तर सासूबाईंनी हातातला चहाचा कप खाली ठेवून माझ्याकडे असं पाहिलं की मला पुढचं सगळं समजावून सांगावं लागलं. आमचे बाबा काशीतले भिक्षुक. आमचं घर दूधविनायकाच्या गलीत, आणि महाराष्ट्रातून श्राद्धाला, अस्थी घेऊन, नुसत्या यात्रेला म्हणून येणारे यजमान आमच्याच घरी उतरायचे. घाटावरचं कार्य झालं की गेलेल्या माणसाच्या नावानं काहीतरी दान द्यायचं, आणि बहुतेक लोक भांडं द्यायचे, वर ठसठशीत नाव घालून. कै. रखमाबाई. कै. भाऊराव. कै. चि. अमुक, हे वाचताना मात्र आई नजर दुसरीकडे वळवायची. ब्राह्मणानं ते वापरलं म्हणजे गेलेल्याला पोचलं, असा हिशेब. तेव्हा आम्ही वापरायचो. आईनं तर भांड्यांना त्याच नावांनी हाका मारायला सुरुवात केली होती. "मंजे, रखमाबाईत तेल तापत ठेव," "भाऊराव कुठे गेला, काल दुधाला काढला होता तो," असं ती स्वयंपाकघरातून ओरडायची आणि नव्यानं उतरलेले यजमान पडवीत दचकायचे.

हे आधी सांगितलं, कारण पुढं जे घडलं ते दुसऱ्या कुठल्याही घरात घडलं नसतं. आज आमच्या इथल्या मराठी मंडळींचा मोबाईलवर ग्रुप आहे. त्यावर गेल्या महिन्यात वाद पेटला: गेलेल्या माणसाचा आवाज, त्याची बोलण्याची ढब मशीनला शिकवली तर ते मशीन त्याच्यासारखं बोलतं म्हणे, तर ते करावं का? अर्धे म्हणाले छी छी, अर्धे म्हणाले काय हरकत आहे, एकानं मधेच सत्यनारायणाच्या पूजेचं आमंत्रण टाकलं. मी काही लिहिलं नाही. मला वाटलं, अरे, हा वाद आमच्या घरात कधीच होऊन गेलाय, आणि तोही वड्यांचा घाणा चालू असताना.

मी तेव्हा इंटरला, म्हणजे अकरावी-बारावीला होते. पौषातली थंडी, गलीत ऊन कसलं, धुकं दुपारपर्यंत हलायचं नाही, आणि सकाळी बाबा घाटावरून येताना मातीच्या कुल्हडातून मलइयो, केशर घातलेला दुधाचा फेस, आणायचे, तो खाताना जास्तच थंडी वाजायची. अशाच एका सकाळी मिरजेहून विनय नावाचे यजमान आले. त्यांचा धाकटा भाऊ सुहास पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत होता, मोटरसायकलवरून जाताना गेला. लग्न झालेलं नव्हतं. त्याचं वर्षश्राद्ध काशीला करायचं म्हणून हे आले होते, आणि बरोबर दोन मोठी खोकी. आम्हाला वाटलं, घरच्यांसाठी बनारसी साड्या न्यायला रिकामी खोकी आणली असतील. श्राद्ध झालं, दानाची वेळ आली, तेव्हा विनयरावांनी ती खोकी पुढं सरकवली आणि म्हणाले, गुरुजी, त्याला भांड्याकुंड्यांत काडीचा रस नव्हता. त्याचा जीव ह्याच्यात होता. हे घ्याल का?

बाबांनी हातावर पाणी सोडून घेतलं आणि कॉम्प्युटर दानात स्वीकारला. बातमी गलीत पसरायला वेळ लागला नाही. पानवाल्याच्या दुकानावर आठवडाभर तोच विषय: गुरू, गोदान सुना, शय्यादान सुना, ई कम्पूटर-दान कौन सास्त्र में लिखा है? बाबा गालात पान जमवत म्हणायचे, लोटा हो या कम्पूटर, दान तो दान है. त्यांना ह्या असल्या वादांची भयंकर आवड. आईला मात्र ते धूड घरात नको होतं. ती म्हणाली, पोराचं होतं, गेलेल्या पोराचं, मला त्याच्याकडे बघवत नाही. बाबा म्हणाले, अगं, तुझ्या चुलीवर हा भाऊराव बसलाय तो कोण जिवंत आहे? तांब्या चालतो आणि हे का नको? आई म्हणाली, "तांब्या बोलत नाही."

आणि ते बोलायचं, हे तर खरंच. विनयरावांनी जाण्याआधी ते आमच्या फोनला जोडून दिलं, इंटरनेटचं कार्ड कसं घालायचं ते मला दाखवलं. सुरू केलं की आधी टुंऽ टुंऽ, मग कोणी पत्र्यावर साखळी ओढत न्यावी तसं खर्रर्र, मग एकदम शांत. हा आवाज झाला की आई देवापुढची घंटा जरा जोरातच वाजवायची. शिवाय तो आवाज झाला की घरचा फोन बंद, म्हणजे बाहेरगावचे यजमान फोन करून करून थकायचे, आणि आईच्या भाषेत सांगायचं तर बाबा एक हात गंगेत घालून दुसऱ्यानं घरच्या लक्ष्मीला हाकलत होते. विनयराव निघताना पडद्याकडे बघत एवढंच म्हणाले होते, गुरुजी, त्याचं आहे तसंच असू दे, मला काही पुसवलं नाही. बाबांनी ती दानाची अट समजून मान डोलावली.

पडदा उघडला की एकच पान यायचं. मराठी माणसांचा एक गप्पांचा ग्रुप होता, कोणी पुण्याचं, कोणी अमेरिकेतलं, कोणी बेळगावचं, सगळे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे. पानाच्या डोक्यावर इंग्रजीत लिहून यायचं: स्वागत, सुहास. आता तुम्ही म्हणाल की तेवढ्यावरून कळायला नको होतं? नव्हतं कळत. आमच्या घरात ताटावर नाव, तांब्यावर नाव, समईवर नाव. यंत्रावर सुहासचं नाव असणारच, त्याच्याच स्मरणार्थ आलेलं ते. बाबा म्हणाले, बघ, हल्ली नावसुद्धा आतून घालतात, घासून जाण्याची भीती नाही. खातं म्हणजे काय, आपण लिहिलेलं कोणाच्या नावानं जातं, हे सांगायला आमच्या ओळखीत कोणी नव्हतं. मी जे शिकले ते त्याच यंत्रावर शिकले, आणि त्या यंत्राला जगात एकच माणूस माहीत होता.

बाबांना त्या ग्रुपचं वेड लागलं. दुपारी जेवण झालं की ते आरामखुर्ची ओढायचे, मी कॉलेजातून आलेली असायची, आणि मी वाचून दाखवायचं. काय वाद असायचे एकेक! मराठी इंग्रजी अक्षरांत लिहावी की थांबून देवनागरी येईपर्यंत गप्प बसावं. विकत घेतलेलं सॉफ्टवेअर मित्राला उतरवून द्यावं की ती चोरी. ह्या दुसऱ्या वादात बाबा खुर्चीत सरळ व्हायचे. विद्या विकायची नसते, असं त्यांचं ठाम मत, त्यावर आई आतून विचारायची, मग दक्षिणा कसली घेता? बाबा म्हणायचे, ती विद्येची नव्हे, पाटावर बसून गुडघे दुखतात त्याची. त्या ग्रुपवर नाशिकचे एक निवृत्त शिक्षक होते, दामले मास्तर. त्यांचं कोणाशीच पटायचं नाही. बाबा म्हणायचे, हा माणूस बनारसचाच, चुकून नाशकात जन्मला. काही महिने बाबा नुसतं ऐकत होते. ऐकून घेणं हा काही आमच्या बाबांचा स्वभाव नव्हे, त्यामुळे आज ना उद्या ते बोलणारच होते.

दिवाळीनंतर कोणीतरी ग्रुपवर विचारलं: माझे काका परदेशात गेले, तिथी कोणालाच माहीत नाही, तर श्राद्ध कधी करावं? बाबा ताडकन उठले. हा तर घरचाच प्रश्न. ते सांगत गेले, मी एकेक अक्षर शोधत टाइप करत गेले: तिथी ठाऊक नसेल तर सर्वपित्री अमावास्येला करावं, मनात किंतु ठेवू नये, गेलेल्याला आपली आठवण कळते. पाठव म्हणाले. मी पाठवलं. दुसऱ्या दिवशी पान उघडलं तर नुसता गोंधळ. एकानं लिहिलेलं, ही कसली थट्टा? दुसरीनं लिहिलेलं, मी घाबरून कॉम्प्युटरच बंद केला होता. तिसरा विचारत होता, कोण आहेस तू? बाबांना वाटलं, शास्त्रावर विश्वास नसलेली मंडळी आहेत, खवळली आहेत. त्यांना तर जोर चढला. सांगितलं, लिही: मी कोण हे विचारू नका, शास्त्र काय आहे ते विचारा. मग दामले मास्तरांनी एका ओळीत विचारलं की बाबा रे, निदान हे सांग, तू आहेस कुठे? बाबांना ह्या प्रश्नात मास्तरांची आपुलकी दिसली. ते प्रसन्नपणे म्हणाले, लिही, "काशीत आहे. गंगेच्या काठी. सुखात आहे."

ते लिहिताना मी बाहेर "राम नाम सत्य है" ऐकलं, आमच्या गलीतून मणिकर्णिकेकडे दिवसातून कितीदा तरी जायचं ते, म्हणून लक्षही दिलं नाही. बाबा आईला म्हणाले, आज चुडा-मटर कर, भूक लागलीय. आईनं मटार घालून पोहे परतले. आम्ही हादडले.

पुढचे दोन दिवस आमचा फोन लागत नव्हता, कारण बाबा उत्तराची वाट बघत वरचेवर ते यंत्र जोडून बसत होते. ग्रुपवर मात्र कोणी काही लिहीत नव्हतं. शेवटी शेजारच्या तिवारीजींच्या घरी मिरजेहून फोन आला आणि त्यांच्या सुनेनं खिडकीतून हाक मारली. बाबा गेले ते पाच मिनिटांत परतले, पण जाताना जे होते ते हे नव्हते. खुर्चीवर न बसता ते जमिनीवर बसले. विनयरावांनी त्यांना सगळं सांगितलं होतं. त्या ग्रुपला सुहास गेल्याचं ठाऊक होतं, त्यांनी तेव्हा एकमेकांना पत्रं लिहून दुःख केलं होतं, आणि आता पावणेदोन वर्षांनी सुहासच्या नावानं श्राद्धाची माहिती आली होती. मिरजेत विनयरावांच्या ओळखीचा एक मुलगा त्या ग्रुपवर होता. त्याच्या आईनं ते ऐकलं आणि सरळ जाऊन सुहासच्या आईला सांगितलं: इंदूताई, सुहासचा निरोप आलाय हो. काशीत आहे, सुखात आहे म्हणाला.

बाबांनी आपलं उपरणं त्या कॉम्प्युटरवर पांघरलं. ते रडले नाहीत, पण त्या दिवशी संध्येला बसले ते उठेचनात. आईला खरं तर "सांगत होते मी" म्हणायचा पूर्ण हक्क होता. ती फक्त म्हणाली, "चहा घ्या आधी." मी आज सांगते, माझ्या बाबांइतका शास्त्रावरून लोकांशी भांडणारा माणूस मी पाहिला नाही आणि त्यांच्याइतका स्वतःच्या चुकीनं मोडणाराही. त्यांनी विनयरावांना विचारलं की हे बंद करू का? विनयराव म्हणाले, मी तर आत्ताच करा म्हणतो, पण आई म्हणते थांबा. ती स्वतः येणार आहे. तोवर हात लावू नका.

ग्रुप चालवणाऱ्यांशी विनयरावांनी बोलून घेतलं होतं, त्यांनीही घरच्यांवर सोपवलं होतं. गोष्ट साधी होती, पण तिचा उलगडा आम्हाला तेव्हाच झाला. सुहास त्याच्या खात्यात जो एकदा शिरला होता तो तसाच आत होता. त्यातून बाहेर पडायचं एक बटण होतं. ते दाबलं की पुन्हा आत जायला पासवर्ड लागणार, आणि तो सुहासखेरीज कोणाला ठाऊक नव्हता. त्यानं लिहिलेलं सगळं राहणार, वाचता येणार, पण त्या नावानं ते दार पुन्हा उघडणार नाही. दाबायचं की नाही, हे इंदूताई ठरवणार होत्या.

त्या पौषात आल्या, सुहासच्या दुसऱ्या वर्षाच्या श्राद्धाला, विनयरावांबरोबर. गाडी धुक्यात अडकून सात-आठ तास उशिरा. मला वाटलं होतं, खचलेली कोणी बाई येईल. ह्या आल्या त्या नाकीडोळी नीटस, कडक काठाचं लुगडं, हातात भलाथोरला डबा, आणि आल्या आल्या आईला म्हणाल्या, "थंडी काय ओ तुमच्यात, मिरजेत अंगावर शाल घेतली तर लोक विचारतात आजारी आहात काय म्हणून." बाबा त्यांच्या समोर येईनात. त्याच आत गेल्या. बाबांनी हात जोडले आणि म्हणाले, माझ्याकडून फार मोठा अपराध झाला. इंदूताई त्यांच्यासमोर खाली बसल्या. मग म्हणाल्या, "गुरुजी, तीन रात्री मी झोपले की ओ. त्यो गेल्यापासनं पहिल्यांदा. खोटं होतं तरी झोप खरी लागली." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, तूच वाचतीस काय गं? दाखव मला, माझा पोरगा तिथं काय करत होता.

मग पुढचे तीन दिवस आमच्या घरात जे चाललं ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. मी उपरणं काढलं, खर्रर्र झालं, आणि स्वागत, सुहास अशी अक्षरं आली. मागं मागं जात मी त्याचं लिखाण शोधून काढलं. चार वर्षांचं होतं. मी वाचत होते, इंदूताई भिंतीला टेकून, शाल घेऊन बसल्या होत्या. आणि कसं लिहायचा म्हणून सांगू! दामले मास्तरांशी तर हातघाईवर यायचा. सॉफ्टवेअर फुकट वाटावं असं त्याचं म्हणणं होतं, आणि मास्तर म्हणायचे, मग पगार कशाला घेतोस, तोही वाटून टाक. ह्यानं लिहिलेलं, पगार आईला देतो, ती भडंग करते, ते मी ऑफिसात वाटतो, झालं की नाही वाटून? एका बाईला कॉम्प्युटर येत नव्हता, तिला त्यानं पंधरा पत्रांतून शिकवलेलं, एकदाही न वैतागता. कोणी नापास झालं तर धीर दिलेला. कोणाच्या मुलीच्या नावावरून वाद झाला तर दोन्ही बाजूंना हसवलेलं.

इंदूताई मधेच म्हणायच्या, थांब, हे परत वाच. मी परत वाचायची. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, हा माझाच ना? चुकून दुसऱ्या कुणाचं तर नाही वाचत? घरात ह्या पोराच्या तोंडातून शब्द निघायचा नाही म्हणे. जेवायला ये म्हटलं की हं. भाजी कशी झालीय, तर हं. पुण्याहून फोन केला की, आई बरी आहेस ना, आणि ठेवला. त्यांना वाटायचं, मुक्या स्वभावाचा आहे, कुणाशी बोलत नसेल, एकटा पडला असेल, आणि तो गेल्यावर हाच विचार त्यांना खात होता. "इतका बोलत होता की गं," त्या म्हणाल्या. "इतकी माणसं होती त्याला." आणि मग मी ते वाचलं, भडंगाचं. कोणीतरी कोल्हापूरचं भडंग श्रेष्ठ म्हणालं होतं. सुहासनं लिहिलेलं: जगात भडंग एकाच माणसाला जमतं, आणि ती माझी आई आहे. लसूण कुरकुरीत राहतो तिचा. तुम्ही सगळे मुरमुरे खाता. इंदूताई रडल्या ते तेव्हा. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात कणीक, तिच्याही डोळ्यांतून पाणी, आणि कणकेच्या हातानं पुसल्यामुळे तिचा चेहरा भलताच दिसायला लागला. त्या दिवशी तिनं घंटा वाजवली नाही. तिनं मला मागून विचारलं, त्या पंधरा पत्रांची बाई शेवटी शिकली का गं?

ग्रुपवर बाबांनी विनयरावांकडून, मिरजेच्या त्या मुलाच्या खात्यातून, माफी लिहवून घेतली होती, स्वतःच्या नावानं, सगळी हकिगत सांगून. त्यावर लोक मऊ झाले होते. तरी खातं बंद करावं की नाही ह्यावर वाद चाललाच. एक म्हणाला, मेलेल्या माणसाचं दार उघडं ठेवणं धोक्याचं. एक म्हणाली, राहू द्या, कोणाचं काय बिघडतं. दामले मास्तरांनी लिहिलं होतं: "राहू द्या. त्या दिवशी ते नाव पाहून मी क्षणभर इतका आनंदलो की नंतर स्वतःचीच लाज वाटली. त्याच्यानंतर माझ्याशी धड भांडलंय कोण." इंदूताईंनी तेही दोनदा वाचून घेतलं. विनयराव मात्र बाहेर पडवीत येरझाऱ्या घालत होते. त्यांचं एकच, आई, संपव हे. इंदूताई मला पुढचं वाच म्हणायच्या. पण मी पाहिलं होतं, दर वेळी पान उघडलं की त्या वरची ती अक्षरं बघायच्या, स्वागत, सुहास, आणि पदर ओढून घ्यायच्या. श्राद्धाच्या आदल्या दिवशी त्यांनी बाबांना विचारलं, "गुरुजी, हे सारखं त्याला ये म्हणतंय. त्यो येत नाही. किती दिवस बोलवायचं?"

बाबांनी जपमाळ खाली ठेवली. मग म्हणाले की श्राद्धात आम्ही आधी आवाहन करतो, या म्हणतो. जेवू घालतो. आणि मग विसर्जन करतो, जा म्हणतो. बोलावून ताटकळत ठेवत नाहीत. पण न जेवता कोणाला जा म्हणायचं नाही, एवढं मात्र आहे. इंदूताई उठल्या आणि आईला म्हणाल्या, कढई द्या.

आता इथे एक घोटाळा होता. श्राद्धाच्या स्वयंपाकात लसूण चालत नाही, आणि लसणाशिवाय भडंग म्हणजे काय ते मिरजेच्या बाईला विचारा. आई म्हणाली, ताई, कसं करायचं? इंदूताई म्हणाल्या, नाही घालत, पण मला पटत नाही. चुरमुरे त्या डब्यातून मिरजेहूनच आणलेले. सकाळी आमच्या स्वयंपाकघरात एका चुलीवर उडदाचे वडे, एकीवर खीर, कारली, गवार, आमसुलाची चटणी वाटून ठेवलेली, आणि मधे रखमाबाईत भडंग. शेंगदाणे तळल्याचा, मसाला परतल्याचा वास गलीपर्यंत गेला, आणि तिवारीजींची सून खिडकीतून विचारून गेली, आज का बनत हौ?

बाबा एरवी श्राद्ध सांगायला बसत. गेलेल्याच्या जागी जेवायला दुसरा कोणी ब्राह्मण बसायचा. त्या दिवशी बाबांनी चुलतकाकांना सांगायला बसवलं आणि स्वतः सुहासच्या जागी पानावर बसले. म्हणाले, नाव मी वापरलंय, जेवायलाही मीच बसतो. विनयरावांनी पाय धुतले, गंध लावलं. पंचावन्न वर्षांचा माझा बाप, पांढऱ्या मिशा, मान खाली घालून एखाद्या शाळकरी मुलासारखा जेवत होता. वडे घेतले, खीर घेतली, आणि भडंग पानावर आलं ते शेवटच्या चुरमुऱ्यापर्यंत संपवलं. श्राद्धात कार्य करणाऱ्यानं ब्राह्मणांना संस्कृतात विचारायचं असतं, तृप्त झालात का, आणि ब्राह्मणांनी झालो म्हणायचं. काकांनी विनयरावांना ते शब्द सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात इंदूताई दारातून पुढं आल्या. बायकांनी तिथं यायचं नसतं. कोणी अडवलं नाही.

त्यांनी बाबांकडे पाहून विचारलं, "पोट भरलं काय रे?"

काकांचे हात तसेच राहिले. आईनं पदर तोंडाला लावला. बाबांनी मान वर केली. तीन दिवस मी त्या मुलाचं सगळं लिखाण मोठ्यानं वाचत होते आणि पलीकडच्या खोलीत जप करत बसलेले बाबा ते ऐकत होते, हे मला तेव्हा कळलं.

"भरलं आई," बाबा म्हणाले. "पण लसूण नव्हता."

इंदूताई हसल्या. आमच्या घरी आल्यापासून पहिल्यांदा, मोठ्यानं, डोळ्यांत पाणी असताना. म्हणाल्या, मेल्या, श्राद्धात लसूण घालतात होय? आणि हसत हसतच त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

पिंड गंगेत सोडून सगळे परत आले. बाबांनी हातपाय धुतले आणि कॉम्प्युटरपाशी येऊन उभे राहिले. मी यंत्र सुरू केलं. खर्रर्र झालं, शांत झालं, अक्षरं आली. इंदूताईंनी ती एकदा नीट पाहिली. मग खुर्ची ओढून बसल्या, माझा हात बाजूला केला आणि माउस आपल्या हातात घेतला.

"जा बाळा," त्या म्हणाल्या, आणि मग मला, "कुठं दाबायचं गं? दाखव."